पॉवर व्हीलचेअरसाठी बाजूची पिशवी: मापापासून शिवणीपर्यंत

बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घरात आली की थोड्याच दिवसांत तिच्या मागच्या मुठींना एक कापडी पिशवी लटकते. पाण्याची बाटली, टॉवेल, औषधे, दवाखान्याची फाइल, छत्री, सगळे तिच्यातच. पिशवी सोयीची असते, पण मागून चालणाऱ्याच्या. खुर्चीत बसलेल्याला तहान लागली तर "जरा बाटली दे ना" म्हणावेच लागते. खुर्चीमुळे माणूस स्वतःच्या मर्जीने फिरू लागला, आणि त्याचा मोबाइल, त्याचे पैसे, त्याचा रुमाल मात्र त्याच्या पाठीमागे, त्याला न दिसणाऱ्या जागी. हे मला फार खटकते.

मी बॅगा शिवते आणि माझा धाकटा भाऊ पॉवर व्हीलचेअर वापरतो. या लेखात आर्मरेस्टला, म्हणजे खुर्चीच्या हाताला, बाहेरच्या बाजूने अडकवायची, बसणाऱ्याला स्वतः उघडता-मिटता येईल अशी पिशवी कशी शिवायची ते सांगते. घरची शिलाई मशीन, एक मीटर जाड कापड आणि दोन निवांत दुपारी एवढ्यात ती होते. वेळ खरा जातो तो मोजमापात, आणि तो जायलाच हवा.

आधी हात मोजा

कापड बाजूला ठेवा. माणसाला त्याच्या नेहमीच्या गादीवर, नेहमीच्या पद्धतीने खुर्चीत बसवा. खुर्ची बंद करा, म्हणजे जॉयस्टिकला (खुर्ची चालवायच्या दांडीला) धक्का लागून ती हलणार नाही. आता पाठ टेकलेलीच ठेवून हात सहज कुठपर्यंत जातो ते पाहा. ओढून-ताणून पोचलेली जागा धरू नका. दिवसातून वीस वेळा आणि संध्याकाळी थकल्यावरही जिथे हात जाईल तीच जागा खरी. आर्मरेस्टच्या बाजूवर रंगकामाची कागदी चिकटपट्टी लावा आणि त्या पल्ल्याची पुढची, मागची व खालची हद्द पेनाने आखा.

पिशवी कोणत्या बाजूला, हे इथेच ठरते. सरसकट सल्ला असतो की जॉयस्टिकच्या विरुद्ध बाजूला लावा. दोन्ही हात चालत असतील तर तो बरोबर आहे. पण पक्षाघाताने डावी बाजू गेलेल्या माणसाचा उजवा हातच जॉयस्टिक चालवतो, तोच जेवतो, तोच फोन उचलतो. डाव्या आर्मरेस्टवरच्या पिशवीत तो हात घालायचा तर त्याला अंगावरून वळावे लागेल. अशा वेळी पिशवी जॉयस्टिकच्याच बाजूला, पण तिच्या डब्यापासून निदान चार बोटे मागे लावा आणि जॉयस्टिकची वायर पिशवीच्या वाटेत येत नाही ना ते पाहा.

मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर इजा झालेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. बोटांनी पकड येत नाही, पण मनगट वर उचलले की बोटे आपसूक आत वळतात आणि त्या जोरावर बरीच कामे होतात. त्यांना चेनचा छोटा रनर निरुपयोगी. अंगठा आरपार जाईल अशी कडी किंवा पट्ट्याचा फासा लागतो.

स्नायू क्षीण होत जाण्याचा आजार असेल तर हात आर्मरेस्टवरून पुढे-मागे सरकतो, पण खाली गेलेला हात परत वर उचलता येत नाही. त्या माणसासाठी ही पिशवी बनवूच नका. आर्मरेस्टच्या गादीच्याच पातळीवर येईल असा उथळ, ३-४ सेंमी काठाचा खण करा.

शंका असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामे स्वतः करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाला) हा पल्ला पाहायला सांगा. मुंबईत हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये याच विषयातली माणसे आहेत. बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो.

आता खुर्ची मोजा

माणूस पलंगावर किंवा कमोडवर कोणत्या बाजूने सरकतो ते विचारा. त्या बाजूचा आर्मरेस्ट रोज उचलला जात असणार, आणि त्यावर पिशवी असेल तर प्रत्येक वेळी ती काढावी लागेल. शक्य असेल तर ती बाजू मोकळी सोडा. आर्मरेस्ट मागे उलटणारा असेल तर त्याच्याबरोबर पिशवीही उलटी होते. म्हणून तिला झाकण हवेच, आणि तिचा खालचा पट्टा सीटच्या सांगाड्याला कधीही बांधू नये. बांधला तर आर्मरेस्ट उचललाच जाणार नाही. पट्टा बांधायचा तो आर्मरेस्टच्याच उभ्या नळीला.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचे माप: मोकळी जाडी. बहुतेक पॉवर खुर्च्यांची सर्वांत रुंद जागा खाली, मागच्या चाकांपाशी असते आणि आर्मरेस्ट त्याच्या थोडा आत असतो. या फरकात पिशवी बसवली तर खुर्चीची रुंदी एक मिलिमीटरही वाढत नाही. माप घ्यायला गवंड्याचा ओळंबा उत्तम. नसेल तर दोऱ्याला एक नट बांधा. आर्मरेस्टच्या गादीच्या बाहेरच्या कडेवरून दोरा सोडा आणि तो चाकाच्या बाहेरच्या कडेपासून किती आत आहे ते मोजा. भावाच्या खुर्चीत ही जागा ७ सेंमीहून किंचित जास्त निघाली, म्हणून पुढची मापे तशी दिली आहेत. तुमच्याकडे ५ निघाली तर पिशवीचे तोंड ५ सेंमीचे ठेवा.

हा हट्ट उगाच नाही. जुन्या इमारतींत न्हाणीघराचे दार अडीच फुटांचे, म्हणजे ७५ सेंमीच्या आसपास असते. चौकट आणि उघडलेली फळी यांची जाडी वजा केली की उरते ७० च्या जवळपास. खुर्ची ६० ते ६५ सेंमीची असेल तर दोन्ही बाजू मिळून शिल्लक किती, ते तुम्हीच पाहा. तिथे बाहेर आलेली पिशवी दर वेळी चौकटीला घासणार, आणि अडकली तर खुर्ची तिरकी वळणार.

उंचीसाठी आर्मरेस्टच्या गादीच्या खालच्या कडेपासून टायरच्या माथ्यापर्यंत मोजा आणि पिशवीचा तळ टायरपासून किमान ४ सेंमी वर राहील असे पाहा. खुर्चीला स्प्रिंग असतील तर खड्ड्यात चाक वर येते, तेव्हा आणखी २ सेंमी सोडा.

शेवटी हेही पाहून ठेवा: मोटारीचा क्लच सोडण्याचे खटके (ते सोडले की खुर्ची हाताने ढकलता येते) कुठे आहेत, चार्जिंगचे तोंड कुठे आहे (बऱ्याच खुर्च्यांत ते जॉयस्टिकच्या डब्यातच असते), आणि लघवीची पिशवी वापरत असाल तर तिची नळी कोणत्या बाजूने जाते. यातले काहीही झाकले जाता कामा नये. बॅटरी संपलेली खुर्ची रस्त्याच्या मधोमध उभी असताना क्लचचा खटका शोधायला पिशवी सोडावी लागली, तर ती पिशवी चुकीच्या जागी आहे.

काय ठेवायचे

टेबलावर रोज लागणाऱ्या सगळ्या वस्तू मांडा आणि त्यांचे तीन ढीग करा. तासातासाला लागणाऱ्या वस्तू: मोबाइल, रुमाल, चष्मा. दिवसातून दोन-चारदा लागणाऱ्या: पैसे, किल्ली, गोळ्या, अपंगत्वाचे यूडीआयडी कार्ड. आणि सोबत्यालाच लागणाऱ्या: जादा कपडे, फाइल, पावसाळी कोट. बाजूच्या पिशवीत फक्त पहिले दोन ढीग जातात. ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. एक किलोच्या आत राहिले पाहिजे आणि बहुधा राहतेच.

तिसरा ढीग मागे जाऊ द्या, पण बेताने. मुठींना लटकवलेले वजन मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे आणि बरेच उंचावर असते. चढावर जाताना खुर्ची आधीच मागे कललेली असते. नियमाप्रमाणे बांधलेला रॅम्प १ फूट चढायला १२ फूट लांब असतो, पण आपल्या सोसायट्यांमधले रॅम्प त्याहून किती उभे असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. २५-३० किलोच्या, घडी होणाऱ्या हलक्या खुर्च्यांना हा धोका अधिक. म्हणून मागची पिशवी २ किलोवर जाऊ देऊ नका, ती मुठींऐवजी पाठीच्या नळ्यांना घट्ट आणि शक्य तितकी खाली बांधा, आणि मागची छोटी आधार-चाके कधीही काढू नका. खुर्चीवर लिहिलेली वजनमर्यादा माणूस आणि सामान दोन्ही मिळून असते, हेही लक्षात असू द्या.

पुठ्ठ्याची पिशवी

कापड कापण्याआधी खोक्याच्या पुठ्ठ्याची याच मापाची पिशवी करा, चिकटपट्टीने आर्मरेस्टला लावा आणि एक अख्खा दिवस तसाच काढा. सगळी दारे, लिफ्ट, जेवणाचे टेबल, गाडीत चढणे, न्हाणीघर. पुठ्ठा जिथे चुरगळेल तिथे कापडही अडकणार होते. खरी वस्तू आत ठेवून दहा-बारा वेळा काढायला-ठेवायला सांगा आणि बसणाऱ्याचे ऐका. "थोडी पुढे हवी", "तोंड माझ्याकडे कलते हवे" ही वाक्ये इथेच आली तर फुकटात दुरुस्ती होते. पिशवीचा रंगही त्यालाच निवडू द्या. ती त्याच्या अंगावरच्या कपड्याइतकीच रोज दिसणार आहे.

कापड आणि बाकी सामान

६०० डेनियरचे (डेनियर हे धाग्याच्या जाडीचे माप) पॉलिस्टर बॅग-कापड मला यासाठी सगळ्यात पसंत आहे. एका बाजूने लेप असतो, तो आत ठेवायचा. पाऊस झेलते, धुता येते आणि घरच्या मशीनवर शिवले जाते. कॅनव्हास मजबूत पण भिजले की जड होते. रेक्झिन उन्हात तापते, घामाच्या हाताला चिकटते आणि घडीवर तडकते, त्यामुळे मी ते वापरत नाही. अस्तर फिकट पिवळे किंवा पांढरे घ्या. काळ्या अस्तरात तळाशी पडलेली किल्ली वरून दिसत नाही, आणि वाकून पाहणे हेच तर या माणसाला जमत नाही.

याशिवाय लागेल: ३८ मिमी रुंद नायलॉन पट्टा १ मीटर, त्याच रुंदीच्या दोन चौकोनी कड्या, ४ सेंमी व्यासाची एक गोल कडी, वेल्क्रो, नायलॉन किंवा पॉलिस्टर धागा (सुती नको, उन्हापावसात कुजतो), १६ किंवा १८ नंबरची सुई, गोटपट्टी, परावर्तक पट्टी, तळासाठी एक आयलेट (भोकाला बसवायची धातूची कडी), आणि ताठपणासाठी जुन्या प्लास्टिक फाइलचे कव्हर. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हे सगळे एका फेरीत मिळते. इतरत्र बॅग दुरुस्त करणाऱ्याला विचारा, तो सामान कुठून आणतो ते सांगेल.

लोहचुंबकाची बटणे मोहक असतात, एका बोटाने उघडतात. तरी ती लावू नका. पेसमेकर असलेल्याला ती चालत नाहीत आणि काही जॉयस्टिक चुंबकीय संवेदकावर चालतात.

कापणी

तयार पिशवी २६ सेंमी लांब, १८ सेंमी उंच, तोंडाशी ७ आणि तळाशी ३ सेंमी जाड. वर रुंद, खाली निमुळती. हात आत शिरायला वर जागा हवी आणि खाली टायरपासून अंतर हवे, दोन्ही यातून साधते. शिलाईची माया (शिवणीसाठी सोडलेले जादा कापड) सगळीकडे दीड सेंमी धरली आहे.

मागचा भाग आणि झाकण एकाच सलग तुकड्यात येतात: १८ उंची, ७ तोंडावरून जाणारे आणि ९ पुढे उतरणारे झाकण, मिळून ३४. माया धरून तुकडा २९ × ३७ सेंमी. पुढचा भाग २९ × २१. बाजू आणि तळ यांची एकच पट्टी ६५ सेंमी लांब. तिची दोन्ही टोके १० सेंमी रुंद, आणि मधला २६ सेंमीचा तळाचा भाग ६ सेंमी रुंद. टोकाकडून तळाकडे सरळ तिरकी रेघ आखा. अस्तराचेही असेच तीन तुकडे कापा. पुढच्या-मागच्या भागांचे खालचे कोपरे वाटीने आखून गोल करा. टोकदार कोपरे चौकटीला अडकतात.

शिवण

सपाट तुकड्यांवरची कामे आधी उरका, पिशवी उभी राहिली की मशीन आत जात नाही. मागच्या भागाच्या बाहेरून, वरच्या घडीपासून ३ सेंमी खाली, दोन चौकोनी कड्या पट्ट्याच्या तुकड्यात ओवून शिवा. त्यांच्यातले अंतर आर्मरेस्टच्या गादीच्या दोन स्क्रूंमधल्या अंतराएवढे. प्रत्येक तुकड्यावर चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारा. सगळे वजन इथेच येते. खालच्या कडेच्या मध्यावर १५ सेंमीचा एक पट्टा, तो नंतर आर्मरेस्टच्या उभ्या नळीला जाईल.

आतल्या अस्तरावर मोबाइलचा कप्पा लावा. फोनपेक्षा २ सेंमी रुंद, आणि उंची इतकीच की फोनचा एक तृतीयांश भाग वर दिसेल. बोटे न वळणारा हातही तो तळव्याने दाबून वर ओढू शकतो. शेजारी पैशांचा खोल कप्पा आणि सगळ्यात वर एक छोटा पारदर्शक खिसा. त्यात रक्तगट, चालू औषधे आणि घरच्यांचा नंबर लिहिलेले कार्ड.

वेल्क्रोची मऊ बाजू झाकणाच्या आतून, खरबरीत बाजू पिशवीच्या पुढच्या भागावर बाहेर तोंड करून. हा क्रम उलटा झाला तर उघडलेले झाकण साडीचा पदर आणि ओढणी पकडून ठेवते, आणि पदर चाकाजवळ लोंबकळू देणे धोक्याचे आहे. वेल्क्रोची रुंदी हाताच्या ताकदीवर ठरवा. अशक्त हाताला २ सेंमीचा एकच तुकडा पुरे, सबंध झाकणभर लावलेली पट्टी उघडताच येणार नाही. झाकणाच्या पुढच्या कडेला गोल कडी शिवा, ती अंगठ्यासाठी.

आता पुढच्या भागाला पट्टी जोडा: तळाच्या मध्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी वर या, म्हणजे ओढाताण होत नाही. वळणावर मायेला अर्धा-अर्धा सेंमीचे काप द्या. मग मागचा भाग जोडा. प्रत्येक वेळी आधी कच्ची टीप, मग पक्की. अस्तराची पिशवी वेगळी शिवून आत घाला, मागच्या बाजूला कापड आणि अस्तर यांच्यामध्ये प्लास्टिकचे कव्हर २५ × १७ सेंमी कापून सरकवा. ते नसेल तर पिशवी गबाळी लटकते आणि तोंड मिटून जाते. कव्हरचे कोपरे गोल करायला विसरू नका. वरची कड आणि झाकण गोटपट्टीने बंद करा. तळाला आयलेट ठोका, पाऊस शिरला तर पाणी निघून जाईल. बाहेरच्या बाजूने परावर्तक पट्टी शिवा. संध्याकाळी रस्त्यावर खुर्ची गाडीवाल्याच्या नजरेच्या खाली असते, त्याला ती दिसलीच पाहिजे.

चार-पाच थर एकत्र आले की घरची मशीन अडखळते. तिथे चाक हाताने फिरवून टाके घ्या, किंवा तेवढ्या जागा नाक्यावरच्या बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून शिवून घ्या.

खुर्चीवर बसवणे

सांगाड्याला भोक पाडायचे नाही. नळी कमजोर होते आणि वॉरंटीही जाऊ शकते. गादीचे स्क्रूच कामी येतात. पट्ट्याचे २१ सेंमीचे दोन तुकडे घ्या, टोके मेणबत्तीवर झळून घ्या, एका टोकाला तापलेल्या खिळ्याने स्क्रूएवढे भोक पाडा. गादीचे स्क्रू काढून पट्टा गादी आणि नळी यांच्यामध्ये ठेवा, त्याच भोकातून स्क्रू परत आवळा. पट्टा जेमतेम दीड मिलिमीटर जाड असतो, तरी स्क्रू चार-पाच आटे धरतो ना ते पाहा. नाही धरला तर त्याच आट्याचा थोडा लांब स्क्रू आणा.

पट्ट्याचे दुसरे टोक पिशवीच्या चौकोनी कडीतून ओवून वर घ्या आणि वेल्क्रोने स्वतःवरच चिकटवा. उंची हवी तशी कमी-जास्त करता येते. बकलऐवजी वेल्क्रो यासाठी, की पिशवी कुठे अडकलीच तर सोबतचा माणूस एका ओढीत ती सोडवू शकतो. खालचा पट्टा आर्मरेस्टच्या नळीला, वेल्क्रोची पकड फक्त ३ सेंमी. काम एवढेच की पिशवी झुलू नये.

झाकण उचलून आर्मरेस्टच्या गादीवर टाकले की तिथेच पडून राहते, हात आत जातो. काम झाले की बोटाने ढकलले तरी आपल्या वजनाने मिटते. एका हाताने सगळे जमावे म्हणून झाकणाची बिजागरी आतल्या बाजूला ठेवली आहे.

पिशवीचा कोणताही कडक भाग मांडीला टेकता कामा नये. संवेदना नसलेल्या त्वचेला टोचलेले कळत नाही, आणि तिथे झालेली जखम महिनोन्महिने भरत नाही. पहिले काही दिवस रोज रात्री मांडीच्या बाजूला लाली दिसते का ते पाहा.

बाटली आणि बॅटरी

पाणी या पिशवीत ठेवू नका. अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी ७५ मिमीच्या पीव्हीसी पाइपचा १२ सेंमीचा तुकडा, कडा पॉलिश पेपरने घासून, पट्ट्याने पुढच्या उभ्या नळीला बांधा. जॉयस्टिकच्या विरुद्ध बाजूला आणि तिच्या पातळीच्या खाली. जॉयस्टिकच्या डब्यात इलेक्ट्रॉनिक्स आहे, सांडलेला चहाही तिला बंद पाडू शकतो.

सीटखालची मोकळी जागा पाहून तिथे खण करावासा वाटतो. तिथे बॅटरी, वायरी आणि मोटारी आहेत. लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघू शकतो, तो निघून जायला मोकळी हवा लागते. घडीच्या खुर्चीत तर ती जागा घडीसाठीच आहे. ती सोडून द्या.

मोबाइल चार्ज करायला खुर्चीच्या बॅटरीतून वायर काढण्याचा सल्लाही कुणी देईल. बऱ्याच खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटरी एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट होतात. एकीवरूनच वीज घेतली तर दोघी असमान उतरतात आणि जोडी लवकर खराब होते. पिशवीत एक छोटी पॉवर बँक ठेवा, प्रश्नच मिटतो.

चाचणी

रिकामी पिशवी लावून सगळ्यात कमी वेगावर सुरुवात करा. पुढे, मागे, जागच्या जागी दोन्हीकडे पूर्ण वळण. मग सामान भरून तेच. रॅम्पवर पहिल्यांदा जाताना मागे एक माणूस उभा ठेवा. आर्मरेस्ट उलटून पाहा, काही पडते का. खुर्ची घडी करून पाहा. जॉयस्टिक चारही दिशांना पूर्ण ढकलताना झाकण किंवा कडी तिला लागत नाही ना, हे तर आधी. पिशवीत हात घालताना खुर्ची बंद करायची सवय पहिल्याच दिवसापासून लावा. बाही जॉयस्टिकला अडकून खुर्ची पुढे सरकणे सहज घडू शकते.

आठवड्याने गादीचे स्क्रू पुन्हा आवळा, फुलीच्या टिपा उसवतात का ते बघा. महिन्यातून एकदा पिशवी साबणाच्या पाण्यात हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. वेल्क्रोत केस व धागे अडकून पकड गेली की जुना टूथब्रश फिरवा. तरीही धरत नसेल तर बदला, म्हणून खरेदीच्या वेळीच अर्धा मीटर जास्त घेऊन ठेवा.